दहा फ्लॉप्या ओवल्या त्याची हकीकत

लिंबायत, सुरत
रविवार, ता. ११ मे १९९७

ती. सुकदेवभाऊ यांना रघुनाथचा वाकून नमस्कार. (वाकताना आजकाल कंबर मधेच धरते. नमस्कार अर्ध्यावर थांबलेला दिसला तर राहिलेला अर्धा मनाने पोहोचला असं समजावं.)

इकडे सर्व खुशाल आहे. पत्रात 'सर्व' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मोजायला गेलात तर 'सर्व' म्हणजे मी, एक स्टोव्ह आणि घड्याळामागे राहणारी एक पाल, एवढेच भरतील. तिघांच्याही तब्येती बऱ्या आहेत. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जिवात जीव आला. हिरवी पट्टी निघाली का? वत्सलावहिनींचे गुडघे काय म्हणतात? म्हैस व्यायली असेल तर पारडी झाली की रेडा, तेही कळवावं. आमची चि. दिपाली सातवीत पास झाली असेलच, तिच्या गणिताचे मार्क वेगळे कळवावेत, कारण ते माझ्याकडून गेले आहेत. आणि तुमच्या घरी आमची जी मंडळी आहे (म्हणजे माझी बायको, पण तुमची ती सख्खी बहीण, तुम्हाला काय सांगायचं), तिचीही तब्येत बरी असावी. हा प्रश्न नाही. प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तराची कोणावर जबरदस्ती नाही.

तुमचं एप्रिलातलं पत्र मिळालं. मजकूर तुमचा होता, पण अक्षर ओळखीचं निघालं. डोळ्याला पट्टी असल्यावर तुम्ही दुसऱ्याकडून लिहवून घेणार हे उघडच आहे, आणि हे पत्रही तुम्हाला तीच वाचून दाखवणार हेही उघड आहे. तेव्हा वाचणाऱ्या व्यक्तीला आताच विनंती करून ठेवतो की कंसातला जो मजकूर भाऊंच्या कामाचा वाटणार नाही तो मोठ्याने वाचला नाही तरी चालेल, पण निदान मनात वाचावा. तुमच्या पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत एक शब्द लिहून खोडला होता. भाऊ, तुम्ही सांगितलेला शब्द असता तर तो खोडायचं कारण नव्हतं. मी ते पत्र उन्हात धरलं, मागून बघितलं, चष्मा लावून आणि काढून बघितलं. पहिलं अक्षर 'जे' आहे एवढं नक्की. शेजारच्या कलाबाईंच्या मते 'जेजुरी' असावं. माझ्या मते 'जेवता का' असं काहीतरी सुरू होत होतं. असो. जेवतो.

आता मुख्य बातमी. मी कम्प्युटरवाला झालो आहे.

हसू नका, ऑपरेशनच्या टाक्यांना ताण बसेल. तुम्हाला माझा धंदा ठाऊक आहे. जॅकार्डच्या मागावर साडीची किनार विणायची तर पुठ्ठ्याची लांबट कार्डं लागतात. एक कार्ड म्हणजे किनारीतली एक ओळ. कार्डाला जिथे भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो, आणि अशी तीनशे-चारशे कार्डं क्रमाने दोऱ्यात ओवून मागावर चढवली की एक मोर किंवा एक कोयरी तयार होते. बावीस वर्षं मी ही भोकं पाडली. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ते पंचिंगचं मशिन आमच्या घरातच, पुढच्या खोलीत होतं हे तुम्ही पाहिलेलंच आहे. डिझाइनचा ग्राफ घेऊन मंडळी बसायची, चौकोन मोजून सांगायची, 'चार घे, दोन सोड, एक घे', आणि मी पायाने दाबून भोकं पाडायचो. मग ती कार्डं मंडळीच ओवायची. संसारात नवराबायको काय काय बोलतात मला माहीत नाही, आमचं निम्मं बोलणं 'चार घे, दोन सोड' एवढ्यात झालं, आणि त्या वेळी ते पुरेसं वाटायचं. नंतर शेठने मशिन उधन्याला कारखान्यात हलवलं. त्यामुळे पुढच्या खोलीत आता एक मोठी मोकळी जागा आहे, तिथे मी काही ठेवत नाही.

तर गेल्या दिवाळीनंतर शेठ मुंबईहून जुना कम्प्युटर घेऊन आले. त्याच्यासाठी कारखान्यातली कापडाची खोली रिकामी झाली, भिंतीला पिस्ता रंग लागला, एसी बसला. बावीस वर्षांत मला पंखा मिळाला तो एक पातं वाकलेला, आणि हे पाहुणे आल्या दिवशी थंडीत बसले. शेठाणीने नारळ फोडला, पडद्यावर कुंकवाचा साथिया (म्हणजे आपलं स्वस्तिक) काढला, चारही बाजूंनी अक्षता टाकल्या. तांदळाचे तीन दाणे बटणांच्या पाटीत गेले आणि इंग्रजीतला एक 'ए' दाबेना. हे साहेब पुढे महिनाभर 'ए'शिवाय चालले. खोलीत चपला घालून जायचं नाही, शिंकायचं नाही, जेवायचं नाही. संध्याकाळी त्यांच्यावर भरतकाम केलेलं झाकण घालायचं. (आमच्याकडे पाहुणे म्हणून आलेल्या व्याह्यांची एवढी सरबराई झाल्याचं मला आठवत नाही.)

साहेबांना चालवायला चंचलबेन म्हणून बाई ठेवल्या. पस्तिशीच्या, बारडोलीच्या, जाड चष्मा, बोलणं थोडं, काम चोख. त्यांनी कम्प्युटरचा कोर्स केलेला आहे आणि कोर्सची वही त्या अजून पिशवीत बाळगतात. माझी सगळी जुनी डिझाइनं त्यात भरायची असं ठरलं, आणि भोकं वाचता येणारा मीच असल्यामुळे मला त्यांच्या शेजारी स्टूल मिळालं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, या पेटीचं खानदान कोणतं? म्हणजे आपण रोज ज्याच्या मांडीला मांडी लावून बसणार त्याची माहिती नको का? चंचलबेननी वही काढली आणि चार दिवस दुपारच्या चहाला मला सगळी वंशावळ वाचून दाखवली. ती तुम्हालाही सांगतो, कारण ती ऐकून मी स्टुलावरून उठून उभा राहिलो होतो.

मूळ पुरुष म्हणजे तारेत ओवलेले मणी, दिपालीकडे पाटीला होते तसे. त्यावर लोक हिशेब करायचे. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या सामसूम. मग सुमारे दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका विणकराने माग चालवायला भोकांची कार्डं लावली. भाऊ, तीच. आपलीच. चंचलबेन वाचून पुढे निघाल्या होत्या, मी त्यांना थांबवलं आणि ती ओळ तीनदा वाचायला लावली. वहीत स्पष्ट लिहिलं आहे की कम्प्युटरचा पणजा म्हणजे जॅकार्डचा माग, आणि त्याला हुकूम देण्याची सगळी युक्ती त्या कार्डांवरून आली. म्हणजे बावीस वर्षं मी लिंबायतच्या खोलीत बसून जे करत होतो ते कम्प्युटरच होतं, फक्त त्याला एसी नव्हता. त्या आठवड्यात मी गल्लीत हे सर्वांना सांगितलं. पानवाल्याने विचारलं, मग तुला पगार कम्प्युटरवाल्याचा का नाही? काही लोकांना इतिहासाची आवड नसते.

पुढे विलायतेत एक साहेब झाले. त्यांनी ठरवलं की कार्डांनी फुलं विणता येतात तर आकडेही विणता येतील. पितळी चाकांचं एक प्रचंड मशिन त्यांनी कागदावर काढलं आणि जन्मभर ते बनवत राहिले. एक बनत आलं की त्यांना त्याहून चांगलं सुचायचं, पहिलं अर्धवट टाकून दुसरं सुरू. शेवटपर्यंत एकही पुरं झालं नाही. एका बाईंनी मात्र त्या न झालेल्या मशिनासाठी हुकूम लिहून ठेवले, कसं चालेल, काय करेल, सगळं पायरीपायरीने. मला त्या बाईंचं फार वाटलं. मशिनाचा पत्ता नाही आणि ह्या भरवशावर लिहून बसल्या. मी चंचलबेनना विचारलं की तो साहेब असा आयुष्यभर कामात बुडालेला, तर त्याच्या घरचं माणूस माहेरी निघून गेलं होतं का? त्या म्हणाल्या, ते कोर्सला नव्हतं.

मग अमेरिकेत खानेसुमारी आली. एवढी माणसं मोजायची कशी, तर प्रत्येक माणसाचं एक कार्ड. पुरुष असेल तर इथे भोक, बाई असेल तर तिथे, लग्न झालं असेल तर अमुक ठिकाणी, नसेल तर तमुक. कार्डं मशिनात घातली की मशिन सांगणार, विवाहित इतके, एकटे इतके. मी दुपारच्या सुट्टीत एका रद्दी कार्डावर माझीच खानेसुमारी केली. पुरुष, भोक. विवाहित, भोक. घरात माणसं किती, इथे अडलो. विवाहित आणि एकटा अशी दोन्ही भोकं पाडली तर मशिन गोंधळणार. चंचलबेन म्हणाल्या, कम्प्युटरला सगळं एकतर हो असतं नाहीतर नाही, भोक आहे किंवा नाही, तिसरं काही नसतं. मी म्हटलं, आणि 'बघू'? 'बघू' त्याला कळत नाही म्हणाल्या. भाऊ, हे तुम्हाला मुद्दाम कळवतो आहे. गेल्या दोन्ही दिवाळींना मी तुमच्याकडे आलो, निघताना ओट्यावर उभं राहून विचारलं, आणि दोन्ही वेळा जे उत्तर मिळालं ते जगातल्या सगळ्यात हुशार मशिनालाही कळत नाही. मला न कळण्यात मग काय नवल.

राहिलेल्या पिढ्या झटपट सांगतो. खोलीभर काचेच्या दिव्यांचं मशिन झालं, ते तापायचं, दिवे जायचे, ते बदलायला माणसं पळायची. मग दिव्यांच्या जागी शेंगदाण्याएवढं काहीतरी आलं, मग तिळाएवढं, मग डोळ्याला न दिसणारं, आणि मशिन लहान होत होत टेबलावर मावलं. पुढे म्हणे खिशात मावेल. जसजसं मशिन लहान झालं तसतशी त्याच्याभोवतीची माणसंही कमी झाली. पूर्वी एका मशिनाला खोलीभर माणसं लागायची, आता एका माणसाला एक मशिन. यात प्रगती आहे हे मला मान्य आहे, पण संध्याकाळी त्या खोलीत बसल्यावर ती फारशी जाणवत नाही.

एक दिवस चंचलबेन बँकेत गेल्या होत्या. पडदा काळा आणि कोपऱ्यात एक ठिपका उघडझाप करतो आहे, जणू कोणी 'बोला' म्हणून थांबलंय. मला इंग्रजी अक्षरं येतात. मी एकेक बोटाने एक नाव लिहिलं. (कोणाचं ते वाचणाऱ्या व्यक्तीने विचारू नये. त्यात 'ए' येत नाही, म्हणून लिहिता आलं.) एंटरचं बटण दाबलं. मशिनाने खाली इंग्रजीत एक ओळ उमटवली. चंचलबेन आल्यावर त्यांनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच अर्थ सांगितला, की हा हुकूम चुकीचा आहे किंवा या नावाचं इथे कोणी नाही. दोन दिवस मी त्या मशिनाशी बोललो नाही. मला ठाऊक असलेली गोष्ट मला परत सांगायला शेठने एवढा एसी लावला होता का?

नाव इथे का नाही हे भाऊ तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही. चौऱ्याण्णव साली प्लेग आला तेव्हा निम्मं लिंबायत दोन दिवसांत रिकामं झालं. मी माय-लेकींना उधन्याला भुसावळच्या गाडीत खिडकीतून आत ढकललं आणि सांगितलं की उद्याच्या गाडीने येतो. उद्याची गाडी गेली, परवाची गेली. शेठ स्वतः अहमदाबादला पळाले होते, चावी माझ्याकडे होती, आणि दिवाळीच्या मालाची साठ कार्डं राहिली होती. मी तोंडाला रुमाल बांधून रिकाम्या कारखान्यात ती साठ कार्डं पुरी केली. त्यांवरून विणायला गावात माणूस उरला नव्हता. एकोणीस दिवसांनी सुरती घारीच्या मिठाईचा डबा घेऊन मी तुमच्या दारात आलो. तेव्हा मला कळलं की ती तीन दिवस, रोज, प्रत्येक गाडीला तुमच्या अमळनेरच्या स्टेशनवर डबा घेऊन उभी होती, आणि प्लेगच्या गाडीला आली म्हणून लोक तिच्यापासून लांब सरकत होते. तिने मला पाणी दिलं आणि एवढंच म्हणाली, "तीन रोज मी टेसनवर उभी व्हतू. आते कसाले उनात?" 'कशाला आलात' असं विचारलेल्या माणसाला त्यानंतर तुमच्या घरी कपबशीतून चहा मिळतो. घरच्या माणसाला पेल्यातून देतात हे मला माहीत आहे.

आता ज्यासाठी पत्राला हात घातला ती हकीकत. चार महिने खपून आम्ही माझी दहा मोठी डिझाइनं कम्प्युटरात भरली. मी कार्ड हातात धरून वाचायचो, चंचलबेन चौकोन भरायच्या. मूळ ग्राफ तर प्लेगच्या साली आलेल्या पुराच्या पाण्यात गेलेच होते. डिझाइनं भरून झाल्याबरोबर शेठने कार्डांचे गठ्ठे रद्दीत घातले. तीन हातगाड्या भरल्या. मी दारात उभा राहून त्या मोजल्या. मग चंचलबेननी माझ्या हातात दहा फ्लॉप्या ठेवल्या. फ्लॉपी म्हणजे पंजाएवढं काळं चौकोनी पाकीट, पातळ, लवलवतं, मधोमध भोक. एका फ्लॉपीत एक डिझाइन. चारशे कार्डांचा मोर त्या पाकिटात बसला होता. त्यांना बहिणीच्या लग्नाला चार दिवस बारडोलीला जायचं होतं. जाताना म्हणाल्या, रघुभाई, आता हीच तुमची कार्डं, नंबर घातले आहेत, क्रम बिघडू देऊ नका, जपा.

भाऊ, तुम्हीच न्याय करा. बावीस वर्षं कार्डांत काढलेल्या माणसाच्या हातात कोणी नंबर घातलेली दहा कार्डं दिली, भोकासकट, आणि सांगितलं की क्रम बिघडू देऊ नको, तर तो काय करील? ती ओवील. कार्ड सुटं राहिलं की क्रम गेलाच. मी सगळी काळजी घेतली. मधल्या भोकातून ओवलं तर माळ वळते, म्हणून प्रत्येक फ्लॉपीच्या दोन्ही कडांना माझ्या पंचने दोन-दोन भोकं पाडली. अशी सुबक पडली की काय सांगू, पुठ्ठ्यापेक्षा ते साहित्य फारच गुणी. दुहेरी सुती दोरा घेतला, मेण लावलं, आणि एक ते दहा ओवून गाठी मारल्या. ओवणं हे माझं काम कधीच नव्हतं. बोटाला चार ठिकाणी सुई लागली, गाठी एकसारख्या येईनात, दोनदा उसवून परत ओवलं. घरात हे काम करणारं माणूस असतं तर अर्ध्या तासात झालं असतं, मला सबंध दिवस लागला. (गाठ मारायच्या आधी दोरा जिभेने ओला करायचा असतो, हे मला तिच्याकडे बघून आठवत होतं.) मग ती माळ लक्ष्मीच्या फोटोखाली खिळ्याला टांगली आणि अगरबत्ती लावली. चार दिवस मी येता-जाता तिच्याकडे बघत होतो. बऱ्याच दिवसांनी आपण एखादं घरचं काम केलं असं वाटत होतं.

चंचलबेन आल्या, लग्नाची मिठाई टेबलावर ठेवली, आणि त्यांची नजर खिळ्याकडे गेली. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "रघुभाई, आ तमे शुं कर्युं?" मी म्हटलं, ओवलं. त्यांनी एकेक फ्लॉपी सोडवून मशिनात घालून पाहिली. प्रत्येक वेळी ते साहेब घरघरायचे, खाकरायचे आणि इंग्रजीत नकार द्यायचे. पाकिटात आत एक नाजूक तबकडी असते आणि सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं, माझी भोकं तिच्या आरपार गेली होती. आमच्या जुन्या मशिनाच्या स्वतःच्या पोटात काही साठून राहत नाही, आणि दुसरी नक्कल शेठने काढू दिली नव्हती, फ्लॉपीचा खर्च दुप्पट होतो म्हणून. म्हणजे ग्राफ पाण्यात, कार्डं रद्दीत, फ्लॉप्या माळेत. बावीस वर्षांचं काम तीन प्रकारांनी गेलं, आणि शेवटचा प्रकार मी स्वतः, अगरबत्ती लावून केला.

शेठ काय काय बोलले ते गुजराथीत होतं म्हणून बरं, मराठीत लिहायला लागलं असतं तर तुमच्या घरी वाचता आलं नसतं. त्यांनी मला गेटबाहेर काढलं. संध्याकाळी परत बोलावलं, कारण तोवर त्यांच्या ध्यानात आलं होतं की ही दहा डिझाइनं आता जगात एकाच ठिकाणी उरली आहेत, ती म्हणजे माझ्या डोक्यात, आणि ते डोकं त्यांनी गेटबाहेर ठेवलं आहे. बिघडवलं म्हणून मी नोकरीत टिकलो. तेव्हापासून मी रोज स्टुलावर डोळे मिटून बसतो आणि चंचलबेनना सांगतो, चार घे, दोन सोड, एक घे. त्या भरत जातात. मला वाटलं होतं आठवणार नाही, पण आठवतं. फक्त ते माझ्या आवाजात आठवत नाही. मला ओळीच्या ओळी ऐकू येतात, कुठे तिने श्वास घेतला, कुठे दूध उतू जातं म्हणून उठली, कुठे परत येऊन 'कितीवर होतो आपण' विचारलं, ते सगळं. चंचलबेन एकदा म्हणाल्या की रघुभाई, तुम्ही हे गाण्यासारखं का म्हणता? मी म्हटलं, आमच्याकडे तसंच असतं. नऊ डिझाइनं अशी परत आली.

दहावं आलं नाही. ती वेलाची किनार आहे, आमच्या लग्नानंतर सहा महिन्यांनी केलेली. सत्तर कार्डांपर्यंत येते आणि मग सगळं कोरं. फार विचार केल्यावर कारण सापडलं. (ही ओळ भाऊंना वाचून दाखवू नये, सरळ पुढच्या परिच्छेदावर जावं.) ती करताना मी आकड्यांकडे लक्ष देत नव्हतो, सांगणारीकडे बघत होतो.

तर अशी इकडची हकीकत आहे. बाकी काही काळजी करू नये. जेवणाचं मी उत्तम जमवलं आहे, भाकऱ्या आता गोल येतात. गल्ली तशीच आहे, नळाला पाणी सकाळी येतं, कलाबाई रोज विचारपूस करतात. डोळ्याला धूर आणि उन्हाची झळ लागू देऊ नका. वत्सलावहिनींना नमस्कार, चि. दिपालीला अनेक आशीर्वाद, आणि ज्यांना नमस्कारही चालणार नाही आणि आशीर्वादही नाही, त्यांना जे चालेल ते सांगावं.

आपला,
रघुनाथ

ता. क. भाकऱ्यांचं खरं नाही. भाकऱ्या कलाबाई देतात, कळण्याच्या, आणि रोज देताना म्हणतात, "भाऊ, तुनं घर सुनं दिसस." मी हो म्हणतो आणि दार लावतो.

ता. क. पत्राचं मुख्य काम लिहायचं राहिलं. दहावं डिझाइन महिनाअखेर पुरं झालं पाहिजे अशी शेठची निकड आहे. ते ज्याला तोंडपाठ असेल असं माणूस तुमच्याच घरी आहे. तेव्हा भाऊ, निव्वळ कामाच्या दृष्टीने, कारखान्याची अडचण म्हणून, त्या माणसाला आठ-पंधरा दिवसांसाठी सुरतेला पाठवता आलं तर बघावं. दिपालीलाही सोबत आणता येईल. इथे आठवीचे प्रवेश जूनमध्ये आहेत, हे मी सहज चौकशी करून ठेवलं आहे. फॉर्मही आणून ठेवला आहे. भरलाही आहे, सहीची जागा सोडून.

ता. क. वरचं खोटं आहे. वेलाची किनार आता कोणी घेत नाही, शेठने दहावं डिझाइन गेल्याच आठवड्यात सोडून दिलं. कारखान्याची काहीही अडचण नाही. अडचण माझी आहे.

ता. क. हे मोठ्याने वाचू नकोस. कुसुम, त्या तीन दिवसांबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. चावी माझ्याकडे होती, कार्डं राहिली होती, हे सगळं मी वर तुझ्या भावाला सांगितलं, तुला नाही. खरं कारण साधं होतं. तू वाट बघशीलच, असं मी धरून चाललो होतो. चूक माझी होती. पाकिटात एक पोस्टकार्ड ठेवलं आहे, माझा पत्ता घालून. लिहायचं काही नको. येणार असशील तर त्याला सुईने एक भोक पाड, नसशील तर तसंच कोरं टाक. 'बघू'ला त्यावर जागा नाही. पण कोरं असलं तरी टाक. तू इतकी कार्डं ओवली आहेस, तुला ठाऊक आहे, कोऱ्या कार्डावरही माग एक ओळ पुढे जातो. कार्डच आलं नाही तर तो जागच्या जागी अडकतो. अडीच वर्षं होऊन गेली, मी तिथेच अडकलो आहे.